मध्येच सोडता येतील असे घरगुती उद्योग सुचवा

घाईगडबड
नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा, आणि सासूबाई आमच्यासोबत असतात. "मुलांबरोबर करायच्या सोप्या वस्तू" असं शोधलं की जे काही पुढ्यात येतं, त्याला सोपं म्हणणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. आधी सामानाची हातभर यादी, मग मांडामांड, मूल जेमतेम रमतंय तोवर कुणाचा तरी फोन, आणि शेवटी फरशीवरचा डिंक खरवडत बसलेली मी.

आमच्याकडे संध्याकाळी सलग मोकळा वेळ नसतोच. दहा मिनिटं इथे, पंधरा तिथे. तर असे उद्योग सांगा की जे मध्येच टाकून उठलं तरी बिघडत नाहीत. सामान घरातलंच हवं. आणि कृपा करून चमकी नको. मागे कधीतरी वापरलेली चमकी अजून सोफ्यात सापडते.

पुठ्ठेबहाद्दर
चमकीबद्दल संपूर्ण सहानुभूती. :)

तुमची "मध्येच सोडता आलं पाहिजे" ही अट सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी लक्षात घेत नाही. उद्योग निवडताना लोक मुलाचं वय बघतात, सामान बघतात. मी आधी बघतो की काम ओलं आहे की कोरडं. रंग, खळ, कागदाचा लगदा, पीठ ही ओली कामं. ती आपल्याला घड्याळ लावतात, कारण ब्रश वाळतो, खळ घट्ट होते, हात भरलेले असताना दार उघडायला जाता येत नाही. पुठ्ठा, कागद, दोरा, कापड, चिकटपट्टी ही कोरडी कामं. जिथे सोडली तिथेच थांबतात, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. कामाच्या दिवशी फक्त कोरडं आणि सुट्टीच्या सकाळी ओलं, एवढा नियम पाळला तरी निम्मी चिडचिड जाते.

आता माझा आवडता विषय. एक मोठा खोका उलगडून सपाट करा. ते गावाचं मैदान. त्यावर रस्ते आखा आणि सोडून द्या. मग ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा त्याने एक घर, एक झाड, एक बसथांबा आणून ठेवायचा. छोटे खोके म्हणजे इमारती, नळ्या म्हणजे पाण्याच्या टाक्या. गाव कधीच पूर्ण होत नाही, त्यामुळे "आज संपवलंच पाहिजे" ही कटकट नाही.

दोन गोष्टी माहीत असल्या की पुठ्ठा ऐकतो. खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन कागदांच्या मध्ये नागमोडी कागद असतो, त्याच्या पन्हाळ्या एकाच दिशेने जातात. पन्हाळ्यांना समांतर घडी सहज पडते, आडवी घडी चुरगळते. आडवी घालायचीच असेल तर आधी पट्टी ठेवून चमच्याच्या दांड्याने किंवा शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या. दुसरं म्हणजे खाचा. दोन तुकड्यांना पुठ्ठ्याच्या जाडीएवढ्या रुंद खाचा निम्म्या उंचीपर्यंत पाडा, एकाला वरून, दुसऱ्याला खालून, आणि एकमेकांत अडकवा. डिंक नाही, वाळणं नाही, आणि झाडं परत सुटी करून सपाट ठेवता येतात. कटर मात्र मोठ्यांच्याच हातात.

शंकासुर
गाव छान आहे, पण ते राहणार कुठे? तुमच्याकडे स्वतंत्र खोली दिसतेय. आमच्याकडे जेवायचं टेबल, इस्त्रीचं टेबल आणि अभ्यासाचं टेबल ही एकच वस्तू आहे.

पुठ्ठेबहाद्दर
@शंकासुर, पलंगाखाली. मैदानाच्या दोन बाजूंना भोकं पाडून सुतळीचे कान लावा, ओढलं की बाहेर, ढकललं की आत. फक्त इमारतींची उंची पलंग ठरवतो. मुलीने त्यावरून "नगरपालिकेचा नियम" लिहून मैदानाच्या कोपऱ्यात चिकटवलाय.

सुईदोरा
सासूबाई घरात आहेत म्हणालात, म्हणून लिहिते. जुन्या सुती टी-शर्टाचा दोरा करा. बनियनच्या जातीचं कापड विणलेलं असतं, त्याच्या कडा उसवत नाहीत, म्हणून शिवणटिपण लागत नाही.

खालची शिवण कापून टाका, बाह्यांच्या खालून आडवं कापून वरचा भाग बाजूला काढा. उरली कापडाची नळी. तिच्या एका बाजूने दुसरीकडे साधारण अडीच सेंटिमीटर रुंदीचे काप द्या, पण पलीकडची कड तेवढीच सोडा, पूर्ण कापू नका. मग ती न कापलेली कड उलगडून एका कापापासून पुढच्या कापापर्यंत तिरकं कापत जा. एकच लांब पट्टी निघते. ती हातात धरून ओढत न्यायची, की कापड आपोआप आतल्या बाजूला वळतं आणि गोल दोरा होतो. ओढायचं काम ४ वर्षांचं मूल फार मन लावून करतं. बाजूला शिवण नसलेला टी-शर्ट मिळाला तर उत्तम.

मग तीन पट्ट्यांची वेणी. वेणी लांब झाली की तिची चकली करत करत मागून टाके घालत जायचं, पायपुसणं होतं. वेणी घालताना उठावं लागलं तर टोकाला कपड्याचा चिमटा लावायचा. वेणी नातीने घालावी, टाके आजीने घालावेत. आजीला "मुलांना सांभाळा" म्हटलं की ते काम होतं. तिच्या हातात वेणी दिली की मुलंच तिच्याभोवती येऊन बसतात.

घाईगडबड
सुईदोरा ताई, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या नवऱ्याच्या कपाटाकडे निघाल्यात. त्याला अजून कल्पना नाही.

रात्रपाळी
आमच्या घरात तर चौघं एका वेळी जागे असतील तो दिवस विरळा. मी रात्री कामावर, बायको सकाळी, मुलांच्या शाळा वेगवेगळ्या वेळी. "कुटुंबाने एकत्र बसून" असं वाचलं की मी पुढचं वाचतच नाही.

आम्ही घडीचं चित्र काढतो. उभ्या कागदाचे तीन भाग. पहिला माणूस वरच्या भागात डोकं काढतो आणि मानेच्या दोन रेघा घडीच्या किंचित खाली येऊ देतो. मग ते डोकं मागे दुमडून कागद फ्रिजवर लावतो. दुसऱ्याला फक्त त्या दोन रेघा दिसतात. तो धड काढतो, कमरेच्या रेघा खाली सोडतो, दुमडतो. तिसरा पाय काढतो. उघडेपर्यंत कुणालाच माहीत नसतं काय झालंय. डोकं बदकाचं, धड पैलवानाचं आणि खाली सायकलची चाकं, असलं काहीतरी.

पॅरिसमधले अतिवास्तववादी कवी आणि चित्रकार १९२५ च्या सुमारास हाच खेळ आधी शब्दांचा आणि मग चित्रांचा खेळायचे. त्यांना निदान एका टेबलाशी बसायला वेळ होता. आमच्याकडे मी पहाटे घरी येऊन पाय काढतो आणि झोपतो.

मोरपीस
@रात्रपाळी, हे फार आवडलं. एकत्र म्हणजे एकाच वेळी असलंच पाहिजे असं नाही.

४ वर्षांच्या मुलाबद्दल थोडं (मी लहान मुलांना शिकवते). या वयात वस्तू तयार होण्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. फाडणं, चिकटवणं, भरणं, ओतणं, रांग लावणं यातच सगळा आनंद. म्हणून ताईचं घर बनत असताना धाकट्याला "तू बघ" म्हणू नका, त्याला कागद फाडायला द्या. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ पट्ट्यांत फाटतं आणि दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. कागदाचे तंतू बहुतांश एकाच दिशेला असतात त्यामुळे तसं होतं. "सरळ बाजू कुठली ते शोध" एवढंच सांगा, बराच वेळ जातो. आणि त्या पट्ट्या तुम्हाला सुट्टीच्या दिवशी लगद्याच्या कामाला होतात.

रंगीत चिकटपट्टी, म्हणजे ती कागदी, सहज निघणारी, एक रीळ घरात ठेवाच. फरशीवर रस्ते, उड्या मारायचे चौकोन, गाड्यांचे पार्किंग. काम झालं की ओढून काढायची आणि चुरगळून तिचाच चेंडू. मात्र दिवसेंदिवस तशीच ठेवलीत तर चिकटा मागे राहतो.

आणि एक गंभीर मुद्दा. ३ वर्षांखालचं मूल घरात असेल किंवा पाहुणं येणार असेल, तर टॉयलेट रोलच्या नळीतून आरपार जाणारी कुठलीही वस्तू खाली ठेवू नका, मणी-बटणं सगळी त्यात येतात. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, ते घशात बसतात. छोटे ताकदीचे चुंबक आणि बटणासारखे सेल तर कुठल्याच लहान मुलाच्या हस्तकलेत नकोत. एकापेक्षा जास्त चुंबक गिळले गेले तर ते आतड्यांच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना ओढतात. सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांतच आतून भाजल्यासारखी इजा करतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट दवाखाना.

रेघोट्या
माझ्याकडून फक्त कागद-पेनवाले प्रकार. आवरायचा प्रश्नच नाही.

पहिला: पेन न उचलता कागदावर हव्या तेवढ्या वेड्यावाकड्या रेघोट्या मारा, स्वतःला कितीही वेळा छेदा, आणि शेवटी जिथून निघालात तिथेच येऊन मिळा. आता आत तयार झालेले कप्पे रंगवा. अट अशी की कड सामाईक असलेल्या दोन कप्प्यांना एकच रंग नको. किती रंग लागतील? मुलं पाच-सहा सांगतात. लागतात दोनच, नेहमी. रेघ एकदा ओलांडली की आपण "आत"चे "बाहेर" होतो, पुन्हा ओलांडली की परत, म्हणून. ९ वर्षांच्या मुलीला कारण सांगू नका, तिला दोनात न बसणारं चित्र काढायचा प्रयत्न करू द्या. मी हे आव्हान देऊन निवांत स्वयंपाक करतो.

त्यातून बाहेर आली की मनाने एक नकाशा काढायला सांगा, देश कसेही. तिथे दोन पुरत नाहीत, पण चार नेहमी पुरतात. हे सिद्ध करायला गणितज्ञांना १९७६ साल उजाडलं, आणि आपेल आणि हाकेन यांना त्यासाठी संगणक वापरावा लागला.

दुसरा: मोबिअसची पट्टी. कागदाची लांब पट्टी घ्या, एक टोक अर्धं पिळून दुसऱ्याला चिकटवा. बोट फिरवत नेलं तर एकच बाजू. १८५८ मध्ये मोबिअस आणि लिस्टिंग या दोघांनी स्वतंत्रपणे हिचा विचार मांडला. आता मधोमध लांबीने कापा, काय होईल ते आधी सगळ्यांना विचारा. मग कडेपासून एक तृतीयांश अंतर ठेवून दुसरी पट्टी कापा. उत्तर लिहीत नाही, स्वतः कापा.

शंकासुर
कापली. ऑफिसात. शेजारच्या टेबलवाल्याने दुसरी कापली. आमची बैठक उशिरा सुरू झाली.

डावखुरी
अवांतर वाटेल पण नाही. मूल डावखुरं असेल तर त्याला डाव्या हाताची कात्री आणून द्या. नुसती "दोन्ही हातांना चालते" लिहिलेली मूठ नव्हे, पातीच उलटी बसवलेली. साधी कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं कापायची रेघ झाकतं, आणि बोटांचा दाब पाती एकमेकांवर न दाबता बाजूला करतो, त्यामुळे कागद कापला न जाता दुमडतो. मग सगळे म्हणतात की हिला कातरकाम जमत नाही.

कंटाळा
सगळ्यांचं कौतुक करून विरोधी मत नोंदवतो. पालकांनी इतकं करायचंच कशाला? आधीच वेळ नाही, त्यात आता मनोरंजन विभागाचं कामही आपल्याकडे. मुलांना कंटाळू द्या. दोन दिवस भुणभुण करतील, तिसऱ्या दिवशी उशांचा किल्ला बांधतील.

घाईगडबड
@कंटाळा, तत्त्व पटतं. पण धाकटा कंटाळला की किल्ला नाही बांधत, ताईच्या वह्या कापतो.

मोरपीस
दोन्ही बरोबर आहे. कंटाळा कामाला येतो, पण हाताशी सामान असेल तर. एक उघडा खोका खालच्या फळीवर ठेवा: रद्दी कागद, नळ्या, सुतळी, चिकटपट्टी, चार खडू. काय करायचं ते सांगू नका. कात्री मात्र वरच्या फळीवर, मागितल्यावर. वह्या वाचतील.

कंटाळा
हे मान्य. म्हणजे मी बरोबर होतो असंच धरतो.

घाईगडबड
सुट्टीच्या सकाळसाठी एक ओलं काम सांगा ना. एकच. मळणारं, भरणारं काहीतरी, म्हणजे धाकट्याचा आत्मा शांत होईल.

मोरपीस
मिठाचं पीठ. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, आणि वाटीला थोडं कमी पाणी. पाणी एकदम ओतू नका, थोडं थोडं घालत मळा. चिकटलं तर मैदा, भेगा पडल्या तर पाण्याचा हात. वस्तू अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड करू नका, जाड वस्तू वरून वाळते आणि आतून ओली राहते. पानाचा, किल्लीचा, बटणाचा ठसा फार सुरेख उठतो. टांगायचं असेल तर ओलं असतानाच स्ट्रॉने भोक पाडा. वाळवायला जाळीवर काही दिवस, रोज उलटायचं. घाई असेल तर ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास.

मुलाने चाटलं तर त्या चवीने पुन्हा चाटणार नाही, पण घरात कुत्रं असेल तर पीठ त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. इतकं मीठ त्याला विषासारखं ठरतं.

पुठ्ठेबहाद्दर
यात भर: मीठ हवेतला ओलावा ओढतं. दमट हवेत वाळलेल्या वस्तू पुन्हा मऊ पडतात. पूर्ण वाळल्यावर रंग आणि त्यावर सगळीकडून वॉर्निश, मागची बाजूसुद्धा. मागची बाजू सगळेच विसरतात.

घडीघालू
उशिरा आलो. ए-फोर कागदाची पुस्तिका कुणीच सांगितली नाही? डिंक नाही, स्टेपल नाही, एकच काप.

कागद तीन वेळा निम्मा दुमडून उलगडा, आठ चौकोन दिसतील. कागद आडवा धरा, डावी-उजवी बाजू जुळेल अशी एक घडी ठेवा. घडीच्या बाजूने, मधल्या आडव्या रेघेवर, एक चौकोन संपेपर्यंतच कापा. उलगडलं की मधोमध दोन चौकोनांएवढी चीर दिसते. आता वरची कड खालच्या कडेला जुळवून लांबट घडी घाला, दोन्ही टोकं धरून आत ढकला. चीर उघडते आणि चार पाखं अधिकच्या चिन्हासारखी उभी राहतात. ती एका दिशेला मिटली की मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ धरून आठ पानांची पुस्तिका.

ए-फोर म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर. हे माप अशा प्रमाणात आहे की निम्मं केलं तरी लांबी-रुंदीचं गुणोत्तर तेच राहतं. म्हणून हीच कृती ए-थ्रीवर केली की मोठी पुस्तिका, ए-फाइव्हवर केली की बाहुलीची. मुलीला हव्या त्या विषयावर लिहू द्या. आमच्याकडे "बाबा कशाकशावर ओरडतो" नावाची मालिका चालू आहे.

रात्रपाळी
पुढचे भाग इथे टाका.

शंकासुर
खरा प्रश्न कुणीच विचारत नाही म्हणून विचारतो. तयार झालेल्या वस्तूंचं करायचं काय? टाकल्या की रडारड, ठेवल्या की अडगळ. आमच्याकडे एक लगद्याचा हत्ती आहे ज्याला बसायला आता घरात जागा नाही.

सुईदोरा
म्हणून तर मी वापरायच्या वस्तू करवते. पायपुसण्याला कुणी अडगळ म्हणत नाही.

मोरपीस
प्रत्येक मुलाला एक खोका, झाकण लागलं पाहिजे. भरला की आत नवीन घालण्यासाठी काय बाहेर काढायचं ते त्याने ठरवायचं. मोठ्या वस्तूंचा मुलासकट फोटो काढायचा, मग निरोप. आणि मुलाला न सांगता गुपचूप टाकू नका. त्यांना कळतंच.

पुठ्ठेबहाद्दर
आमच्या गावात दर काही दिवसांनी "पुनर्विकास" होतो. जुन्या इमारती पाडायचं काम मुलं बांधण्यापेक्षा जास्त आवडीने करतात. हत्तीलाही रंगपट्टी लावून गावाच्या वेशीवर उभा करा, @शंकासुर.

घाईगडबड
सगळ्यांचे मनापासून आभार. सद्यस्थिती: नवऱ्याचे दोन टी-शर्ट गेले, त्यातला एक म्हणे आवडता होता. वेणी सासूबाईंच्या खुर्चीला चिमट्याने लटकतेय आणि येता-जाता जो तो दोन पेड घालून जातो. फ्रिजवरच्या चित्राचं डोकं आणि धड झालंय, पायांसाठी नवरा दौऱ्यावरून यायची वाट बघतोय. गावाला मैदान मिळालंय, धाकट्याने त्यावर फक्त पार्किंग केलंय, घर एकही नाही.

मिठाचं पीठ या सुट्टीला. एक शंका उरली. मोबिअसची पट्टी डिंकाने चिकटवली तर कापताना जोड सुटतो. काय करू?

रेघोट्या
डिंक वाळायच्या आत कापत असाल. चिकटपट्टी लावा, पण जोडाच्या दोन्ही अंगांनी आणि पट्टीच्या पूर्ण रुंदीभर. मधेच छोटा तुकडा लावला तर एक तृतीयांशवाल्या कापात कडेचा भाग सुटतो. आणि पट्टी निदान चार सेंटिमीटर रुंद घ्या, लहान हातांना कापायला बरी पडते.